सव्वातीन हजारांचं बार किट, दीड वर्ष वापरल्यानंतर

आधी स्ट्रेनरबद्दल, कारण राग त्याच्यावर आहे. अलिबागजवळच्या एका फार्महाउसवर संगीत होतं, सव्वाशे माणसं. उघड्यावरचा डीजे रात्री दहाला बंद करावा लागतो, आणि तो बंद झाला की नाचणारी सगळी मंडळी सरळ बार काउंटरवर येतात. दहा वाजून पाच मिनिटांनी, व्हिस्की सावर गाळताना, स्ट्रेनरची स्प्रिंग निसटली आणि ग्लासात पडली. समोर नवऱ्या मुलाचा मामा हात पुढे करून उभा. स्वयंपाकघरातल्या मावशींकडून चहाची गाळणी मागून आणली आणि उरलेली रात्र तिच्यावर काढली. निघताना त्यांनी ती मला देऊनच टाकली. माझ्या सामानातली सगळ्यात भरवशाची वस्तू आज तीच आहे, आणि ती किटबरोबर आलेली नाही.

हे चौदा नगांचं किट मी क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानातून ३,२५० रुपयांना घेतलं. लोअर परळच्या बारमधली सहा वर्षांची नोकरी सोडून तेव्हा पंधरा दिवस झाले होते. नोकरीत असताना शेकर कुणाचा हा प्रश्नच पडत नाही. तो बारचा असतो, हात तेवढे आपले. सुटी कामं घ्यायला लागलं की पहिल्याच फोनवर विचारतात, ‘सामान तुमचं ना?’ म्हणून घरी हौसेने कॉकटेल करायला हे किट कसं आहे, ते मला विचारू नका. डोंबिवलीहून निघून, रात्रभर उभं राहून, पहाटेच्या पहिल्या लोकलने परतणाऱ्या बाईला ते पोसतं का, एवढंच मी बघितलंय.

ज्यात सगळं बांधून नेते ती कापडी गुंडाळी मात्र झकास. जाड कॅनव्हास, चामड्याचे पट्टे, प्रत्येक वस्तूला आपला कप्पा, आणि सगळं भरून अडीच किलोच्या आत. लेडीज डब्यात मांडीवर मावते. लिंबाचा वास कापडात इतका मुरलाय की एकदा मुलुंडला चढलेल्या काकूंनी विचारलं, ‘सरबताची गाडी कुठे लावतेस गं?’ लोकलमध्ये कोणी सामान उघडायला लावत नाही हे एक बरं. घाटकोपरला मेट्रो धरली की मात्र पिशवी यंत्रातून जाते, आणि पडद्यावर माझी सुरी, मडलर (पुदिना चेचायचा लाकडी दांडा) आणि बर्फाचा चिमटा एखाद्या दरोडेखोराच्या ऐवजासारखे दिसतात. पहिल्याच फेरीत सुरी गेली. आता अंधेरी-वर्सोव्याकडचं काम असलं की सुरी घरी ठेवते आणि यजमानांना आधीच सांगते, भाजीची सुरी धार लावून ठेवा.

पेग मोजायच्या भांड्याला आम्ही जिगर म्हणतो. या किटमधल्या जिगरमध्ये नावाला जिगर नव्हती. ६० मिलिची बाजू काठोकाठ भरून ते पाणी स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ठेवलं, तर ५४ ग्रॅम. म्हणजे ७५० मिलिच्या बाटलीतून साडेबारा लार्ज निघायचे, तिथे जवळजवळ चौदा. यजमान खूश, पण पिणाऱ्याला माप डोळ्यांनी कळतं. ठाण्याच्या एका लग्नात तिसऱ्या ग्लासला एक काका हळूच म्हणाले, ‘ताई, लार्ज म्हणालो होतो मी.’ दुसऱ्या दिवशी जिगर घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने ती हातात न घेताच सांगितलं, ‘मॅडम, सेटवाला गिफ्ट के लिए होता है. काम का अलग आता है.’ वर ११० रुपये घेऊन आतून रेघा आखलेलं उभं माप दिलं. ते अचूक आहे. हेच वाक्य त्याने ३,२५० मोजून घेण्याआधी म्हटलं असतं तर मी त्याला पाचात पाच दिले असते.

शेकरला मात्र नाव ठेवायला जागा नाही. मोठा आणि छोटा, दोन्ही डबे स्टीलचे, त्यामुळे प्रवासात फुटायची भीती नाही. गारठ्याने आतली हवा आकसते आणि डबे एकमेकांना आवळून धरतात. नवी मुलं ते टेबलाच्या कडेवर आपटून सोडवतात आणि डब्याचं तोंड वाकडं करून बसतात. दोन डब्यांमधली फट जिथून सुरू होते तिथे तळहाताने एक ठोका द्यायचा, सुटतात. दीड वर्षात गळती नाही. मडलरवर वार्निश होतं, ते पुदिन्यात उतरायला लागल्यावर सँडपेपरने घासून काढलं. चिमटा क्यूबपुरता ठीक. बर्फाची लादी आली तर वरवंटाच लागतो. आणि लादीला निळसर झाक असेल तर ती दारातूनच परत पाठवा. २०१८पासून आपल्याकडे खाण्याचा नसलेला बर्फ मुद्दाम निळा करतात.

आता या किटने मिळवून काय दिलं ते. आमच्या धंद्याला कालनिर्णय पुरतं. आषाढ संपताना गटारी, त्या आठवड्यात रोज काम. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की फोन मुका. मग गणपती, आणि अनंत चतुर्दशीला मुंबईत ड्राय डे. पहिल्या वर्षी त्या दीड महिन्यात मी जुन्या मॅनेजरचा नंबर तीनदा काढून परत ठेवला. तेवढ्यात शेजारच्या इमारतीतल्या मैत्रिणीने डोहाळजेवणाला बोलावलं, ‘तुझं ते शेकर घेऊन ये, दारू सोडून काहीही कर.’ कोकम-आलं-सोडा केलं, आणि पेरूच्या रसाच्या ग्लासच्या कडेला तिखटमीठ लावलं. चाळीस बायका, दोन तास, २,५०० रुपये, रात्री नऊला मी घरी वरणभात जेवत होते. लग्नाचे मला ४,००० मिळतात, पण दार ओढून निघाल्यापासून परत कुलूप उघडेपर्यंत बारा तास जातात. तासाचा हिशेब तुम्हीच करा. आता बारशी, वास्तुशांत, साठीशांत काहीही घेते. कोकमाचं सिरप बाटल्यांत भरून विकते. त्यासाठीच्या एफएसएसएआय (अन्नसुरक्षा खात्याच्या) नोंदणीला मी काढली तेव्हा वर्षाचे १०० रुपये पडले. सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी आठ-आठ जणांना शिकवते, तेव्हा त्यांच्या हातात घरचा झाकणाचा स्टीलचा डबा आणि चहाची गाळणी देते. मी माझं महागाचं किट कोपऱ्यात ठेवून गाळणीचे गुण गाते, याचं मलाच हसू येतं.

दारूच्या कामात एक पाळते: बाटल्या यजमानाच्या, उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवानाही त्यांचाच, आणि तो बघितल्याशिवाय मी काउंटरमागे उभी राहत नाही. महाराष्ट्रात कडक दारूला वय पंचवीस पूर्ण लागतं. नवऱ्या मुलाच्या धाकट्या भावाच्या कॉलेजमित्रांना हे पटवणं शेकर हलवण्यापेक्षा दमवणारं आहे. एका इव्हेंटवाल्याने दोन महिने पैसे अडकवले, तेव्हापासून निम्मे आगाऊ. त्याचा किटशी संबंध नाही, पण लिहून ठेवते.

तर, घ्यावं का? भेट द्यायला घ्या, सेट देखणा आहे. कामासाठी जाणार असाल तर सेट मागूच नका. गुंडाळी, स्टीलचे दोन डबे, आतून रेघांचं माप आणि लांब चमचा एवढंच सुटं मागा. परवा विचारलं तर तोच दुकानदार हे सगळं १,९०० ला देत होता, घासाघीस न करता. गाळणी घरची. पोअरर, म्हणजे बाटलीच्या तोंडात बसवायची चोच, दोन ज्यादा घ्या, त्यांचं रबर सहा महिन्यांत सैल होतं. रविवारी दुकान बंद असतं, आणि दुपारी चारनंतर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. जाताना पिशवीत छोटा वजनकाटा टाका. दुकानदार हसेल, पण मोजायला पाणी तोच देतो.