लग्न न केलेल्या आईबापाचं मूल: बॉंड, मॅजिस्ट्रेट, गार्डियन कोर्ट की खंडपीठ?

ताब्याचं भांडण निघालं की आपल्याकडं, बीड असो की नांदेड, पहिला सल्ला ठरलेला: "कोर्टकचेरी कशाला, बॉंडवर लिहून घ्या." आईबापाचं लग्न झालेलं नसेल तर हा सल्ला आईला फार महागात पडतो, कारण कायदा आधीच तिच्या बाजूला आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 प्रमाणे अशा मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. बौद्ध आणि जैन कुटुंबांनाही हाच कायदा. मुस्लिम कायद्यातही अशा मुलाचा ताबा आईकडेच जातो.

मात्र लग्न खरंच झालं नव्हतं ना, हे आधी वकिलाला नीट सांगा. विधीसह लग्न लागलं, पण बापाची पहिली बायको हयात होती, असं असेल तर लग्न रद्दबातल, तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 नुसार मूल औरस, म्हणजे लग्नातलंच धरलं जातं. मग 'आधी आई' हा मुद्दा इतका सरळ राहत नाही.

बॉंड एका दिवसात होतो, हाच त्याचा गुण. त्यात हमखास घुसवलं जाणारं वाक्य असं: "मूल पाच वर्षांचं झाल्यावर वडिलांच्या स्वाधीन करीन व पोटगी मागणार नाही." कोर्ट मुलाचं हित पाहतं, अशा वाक्यानं ते बांधलं जात नाही. पोटगी मुलाच्या हक्काची, ती आईनं सोडून सुटत नाही. पण तोच कागद पुढं नाचवून बाईला घाबरवतात. दोघांत बोलणं शिल्लक असेल तर भेटीचे दिवस, दिवाळीची सुट्टी कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात ठरवून घ्या. बैठकीतल्या पंचांपुढं नको.

दोघं नवरा-बायकोसारखे एका घरात राहिले असतील आणि त्रास झाला असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो. कलम 21 नुसार मुलाचा तात्पुरता ताबा तिथंच मागता येतो. मूल आईजवळ आहे आणि ते ओढून नेण्याची भीती आहे, अशा वेळी मी हाच रस्ता आधी सुचवीन.

कायमचा निकाल हवा असेल तर 1890 चा पालक-पाल्य कायदा, म्हणजे गार्डियन्स अँड वॉर्ड्‌स कायदा. अर्ज कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तिथं जिल्हा न्यायालयात. बापालाही हीच वाट मोकळी आहे, निदान भेटीचा हक्क त्याला इथं मागता येतो. वेळ लागतो, तारखा पडतात. अर्ज कुठं करायचा हे मूल नेहमी कुठं राहतं यावर ठरतं, आणि ऊसतोडीच्या घरात घोळ होतो तो इथंच. आई टोळीबरोबर कारखान्यावर, मूल आजीकडं गावात. किंवा मूलही कारखान्याजवळच्या कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, आणि शाळेत नाव नुसतं पटावर. समोरचा वकील पहिला हल्ला इथंच करतो: "मूल या जिल्ह्यात राहतच नाही." म्हणून अंगणवाडीतली नोंद, लसीकरणाचं कार्ड, शाळेचं बोनाफाईड आणि रेशनकार्डावरचं नाव आधी गोळा करा. आई सहा महिने बाहेर असते एवढ्यावरून ती नालायक ठरत नाही; मुलाला कोण जेवू घालतं, दवाखान्यात कोण नेतं, हे साक्षीत आलं पाहिजे.

मूल बळजबरीनं उचलून नेलं असेल तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढं हजर करा असा हुकूम मागणारी याचिका. बेकायदा ताब्यातल्या मुलासाठी ही याचिका चालते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये तेजस्विनी गौड प्रकरणात सांगितलं आहे. इथं दिवस घालवू नका. मूल तिकडं रुळलं की तोच मुद्दा तुमच्या विरुद्ध वापरला जातो.

बापाचं नाव उघड करायचं नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालानुसार अविवाहित आईला त्याला नोटीस न देताही पालकत्वासाठी अर्ज करता येतो.

पोटगीचा अर्ज वेगळा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली; आईबापाचं लग्न नसलं तरी मूल त्याला पात्र आहे. वकिलाच्या फीसाठी थांबू नका: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100.