फूड प्रोसेसरचं पातं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फूड प्रोसेसर घेऊन आठ महिने झाले. काप करायच्या आणि किसायच्या डिस्कही सोबत आल्यात, पण माझं बहुतेक काम त्या एस आकाराच्या स्टीलच्या पात्यावरच होतं. म्हणून हा अनुभव मुख्यतः त्या पात्याचा.

पहिल्या आठवड्यात कांद्याने फार निराश केलं. चार कांदे टाकून यंत्र सुरू केलं आणि दहा सेकंदांत खाली पाणचट लगदा, वर जवळजवळ अख्ख्या फोडी. यंत्र परत करायच्याच विचारात होते. मग भांड्यात नीट लक्ष देऊन पाहिलं तेव्हा कारण कळलं. पातं तळाजवळ फिरतं. फोड पात्याला लागली की कडेला उडते आणि परत खाली आली तरच पुन्हा कापली जाते. सलग फिरवलं की तळातलं कापतच राहतं आणि वरचं नुसतं गरगरतं. पल्सचं बटण (दाबून धरलं तेवढाच वेळ पातं फिरवणारं) सोडल्यावर सगळं खाली बसतं, खरा उपयोग त्या थांबण्याचा आहे. आता मी साधारण तीन सेंटीमीटरच्या सारख्या फोडी करते, भांडं निम्म्यापर्यंतच भरते, एकेक सेकंदाचे पाच-सहा पल्स देते आणि मध्ये एकदा कडेला चिकटलेलं स्पॅच्युलाने खाली ओढते. कांदा सुटा राहतो. सुरीने चिरल्यासारखे एकसारखे चौकोनी तुकडे मात्र मिळत नाहीत, ती अपेक्षा ठेवूच नका. झाकण काढताना चेहराही लांब ठेवा, कारण एवढा कांदा एकदम चिरला गेल्यामुळे डोळ्यांना झोंबणारा वायू भांड्यात साठलेला असतो.

लसणाची पद्धत उलटी. चार-पाच पाकळ्या आधीच भांड्यात टाकल्या तर पात्याखाली सरकून तशाच राहतात. पातं फिरत असताना वरच्या नळीतून टाकल्या की क्षणात बारीक होतात. आल्याच्या आधी आडव्या पातळ चकत्या करते, नाहीतर लांब धागे पात्याच्या दांड्याभोवती गुंडाळतात. कोथिंबीर, पुदिना धुतल्यावर अगदी कोरडा करूनच टाकावा. पाणी राहिलं की पानं भिंतीला चिकटतात आणि चिरण्याऐवजी त्यांची चटणी होते.

गाजर, कोबी ठीक. लांब कीस हवा असेल तर डिस्कच लावा, पात्याने फक्त चुरा होतो.

बदाम-अक्रोडांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. काही पल्समध्ये जाडसर भरड होते, आणखी थोडं फिरवलं की पूड. त्यानंतर घर्षणाने ते तापतात, तेल सुटायला लागतं आणि गोळे होतात. तिथेही थांबले नाही तर काही मिनिटांत मऊ बटर तयार. पूड हवी असताना दोनदा गोळे झाले, तेव्हापासून त्याच पदार्थातली चमचाभर साखर किंवा पीठ आधीच मिसळते. ते तेल शोषून घेतं, थांबायला जरा सवड मिळते.

मांसाचा खिमा करायचा तर तुकडे अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून कडा कडक होऊ द्या. मऊ मांस पातं कापत नाही, चोळत बसतं. उकडलेला बटाटा मात्र ह्या पात्याखाली कधीच घालू नका. त्यातला स्टार्च बाहेर पडून डिंकासारखा चिकट गोळा होतो आणि तो काही केल्या सुधारत नाही. पातळ मिश्रणालाही मर्यादा आहे. मधल्या पोकळ दांड्याच्या उंचीवर द्रव गेला की तो आतून खाली झिरपतो. माझं सूप असंच ओट्यावर आलं होतं.

एकच कांदा चिरायचा असेल तर मी सुरीच घेते, कारण भांडं, झाकण, पातं धुण्यातच जास्त वेळ जातो. तीन-चार कांद्यांपुढे यंत्र खरंच वेळ वाचवतं.

धुण्याबद्दल कळकळीने सांगते, पातं साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. फेसात ते दिसत नाही. तिसऱ्या महिन्यात माझं बोट चांगलंच कापलं. आता भांडं रिकामं करताना आधी पातं काढते, प्लास्टिकच्या दांड्याला धरून ब्रशने लगेच धुते आणि वेगळं वाळवते.

धार अजून टिकून आहे. बर्फ आणि अख्खे कडक मसाले मी त्यात घालत नाही. धुतल्यावर पातं उजेडात धरून दांड्याजवळचा जोड बघायची सवयही लावून घेतली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये क्विझिनार्ट कंपनीने अमेरिकेत सुमारे ८० लाख फूड प्रोसेसरची रिव्हेट (धातूचे भाग जोडणारी छोटी मेख) मारलेली पाती बदलून दिली होती, कारण ती कालांतराने तडकून धातूचे तुकडे अन्नात पडत होते. माझ्या पात्याला रिव्हेट नाही, तरी बघते. बारीकशी जरी चीर दिसली तरी त्या दिवशीच नवं पातं मागवणार.