थेंब टाकून पाहावे की बुडवून मोजावे?
ठाण्यात जून लागला की पाणी शोषणाऱ्या वस्तूंचा धडा दारातल्या ओल्या पायपुसण्यापासूनच सुरू होतो. सुती रुमाल, वर्तमानपत्र, छत्रीचे कापड आणि स्टीलची ताटली यांवर ड्रॉपरने एकेक थेंब टाकण्याची पद्धत सोपी असून पहिलीच्या मुलांना पुरेशी आहे. मात्र विटेचा तुकडा आणि स्पंज तिच्यात सारखेच ठरतात. याउलट, प्रत्येक वस्तू 100 मिलिलिटर पाण्यात 5 मिनिटे बुडवून, निथळू देऊन उरलेले पाणी मोजले, तर कोणी किती पाणी प्यायले हे आकड्यांत दिसते, आणि विटेच्या छिद्रांतली हवा बुडबुड्यांनी वर येताना मुले माना वाकवून पाहत राहतात. फरशी मात्र पुसावी लागते (तीही सुती फडक्यानेच). तिसरीच्या वर्गापासून पुढे मी मोजणीच निवडेन.