बिल्टीवर वजन लिहिलेलं होतं

गेल्या वर्षी जुन्या गाडीच्या कामासाठी हत्यारं घेताना माझे 46,000 रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच. पण मी हे लिहितोय ते त्या हत्यारांपायी माझा जीव जाता जाता वाचला म्हणून. ज्यांच्या दारात फियाट, अँबेसिडर किंवा जुनी जीप उभी आहे आणि जे तिच्यावर स्वतः हात काळे करतात, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

आमच्याकडे अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, प्रीमियर पद्मिनी आहे, 1986 ची. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. अण्णा गेल्यावर ती दोन वर्षं ताडपत्रीखाली होती. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली, ती बातमी वाचली आणि ठरवलं, आपली गाडी आपण उभी करायची. कोल्हापुरात या गाडीवर हात बसलेले मिस्त्री बोटावर मोजण्याइतके उरलेत आणि त्यांच्याही वयाचा विचार करावा लागतो. म्हणजे शिकायचं आपणच, आणि शिकायचं तर घरात हत्यारं हवीत.

मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघत होतो. एका रात्री दिसलं : ‘गॅरेज बंद, सर्व हत्यारं एकत्र विकणे.’ तीन टनी ट्रॉली जॅक, उचललेली गाडी टेकवून ठेवायचे चार जॅक स्टँड, वस्तू घट्ट पकडणारा सहा इंची व्हाईस, फिक्स आणि रिंग पान्यांचे पूर्ण संच, सॉकेटची पेटी, आणि नट ठरावीक जोराने आवळला की ‘टिक’ करणारा टॉर्क रेंच. किंमत 55,000. फोन लावला तर पलीकडून शांत, अदबशीर आवाज. “सर, वडिलांचं गॅरेज होतं. ते गेले. आईला ते शटर बघवत नाही.” मी नुकताच अण्णांच्या गाडीवरची ताडपत्री काढलेली. त्या एका वाक्यानंतर मी घासाघीससुद्धा नीट केली नाही. 46,000 ला सौदा ठरला.

बघायला मी गेलो, अगदी न बघता घेतलं असं नाही. पुण्याजवळच्या एका गावात, हायवेला लागून एक गाळा. एसटीने गेलो होतो, कारण पद्मिनीला ब्रेक नव्हते. माल खरंच चांगला होता. जॅकवर मी स्वतः उभा राहिलो. पाने जुने, वापरून गुळगुळीत झालेले, पण तोंडं शाबूत. व्हाईसचा दांडा वाकडा होता, त्याला निळी नायलॉनची दोरी बांधलेली. तो म्हणाला, “सर, एवढं वजन एसटीत कसं नेणार? मी ट्रान्स्पोर्टला टाकतो. पाच हजार टोकन द्या, बाकीचे बिल्टी बघून.” बिल्टी म्हणजे ट्रान्स्पोर्टवाल्याने माल घेतल्याची पावती. बिलाचं विचारलं तर, “जुना माल आहे सर, पक्कं बिल केलं तर उगाच टॅक्स तुमच्या डोक्यावर.” टोकन ज्या खात्यावर गेलं त्यावर नाव वेगळंच आलं. “मेहुण्याचं आहे,” म्हणाला. मी मालाचे फोटो काढले नाहीत. जॅकच्या पट्टीवरचा नंबर लिहून घेतला नाही. एक कप चहा घेऊन परत निघालो.

तिसऱ्या दिवशी बिल्टीचा फोटो आला. ट्रान्स्पोर्टचं नाव, शिक्का, ‘जुने लोखंडी सामान, पेटी 1’. मालाच्या किमतीचा रकाना कोरा. वजन 58 किलो. मी लगेच 41,000 पाठवले.

त्या 58 आकड्यावर मी दोन मिनिटं थांबलो असतो तर पैसे वाचले असते. चांगला तीन टनी ट्रॉली जॅक एकटाच तीसेक किलो भरतो. चार स्टँडचे वीस-पंचवीस, लोखंडी व्हाईसचे वीसच्या आसपास, शिवाय पाने, सॉकेट आणि लाकडी पेटी. बेरीज शंभराच्या खाली येतच नाही. कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं, मी फक्त शिक्का बघितला.

पेटी उघडली तर यादीप्रमाणे सगळं होतं! म्हणून तर फसवणूक लगेच लक्षात आली नाही. जॅक होता, पण ताज्या लाल रंगाचा. स्टँड चार होते. पाने नवेकोरे, चकचकीत, प्रत्येकावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ (चांगल्या पान्यांचं कणखर पोलाद) कोरलेलं. व्हाईस होता, लहान, सरळ दांड्याचा. मी फोन केला. तो म्हणाला, “सर, तुमच्यासाठी जॅक सर्व्हिसिंग करून रंगवला, पाने तर जुन्याऐवजी नवे दिले.” व्हाईसचं विचारलं तर फोन कट झाला. पुन्हा लागला नाही.

शेजारी एक काका आहेत, उद्यमनगरात चाळीस वर्षं फिटर होते. त्यांनी काही न बोलता खिशातून छोटी कानस काढली. आधी स्वतःच्या जुन्या 17 च्या पान्याच्या कडेवर फिरवली. कानस कशीबशी चालली, जेमतेम बारीक ओरखडा उठला. मग माझ्या नव्या 17 वर फिरवली. खर्रकन आवाज आला आणि त्यांच्या अंगठ्यावर चांदीसारखा कीस पडला. “मऊ आहे,” म्हणाले. “याला पाणी दिलेलंच नाही.” म्हणजे तापवून, बुडवून लोखंड कडक केलेलंच नाही. 13 चा पाना 13 च्या नटावर खुळखुळत होता. असल्या पान्याने जुन्या गाडीचा गंजलेला नट सुटत नाही, त्याचे कोपरे जातात आणि मग छिन्नी-हातोडी घ्यावी लागते. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे शब्द कुणीही कोरू शकतं. कानस मात्र खोटं बोलत नाही.

टॉर्क रेंचही आम्ही तपासला. व्हाईसमध्ये चौकोनी टोक आडवं पकडलं, तिथून बरोबर 40 सेंटिमीटरवर दोरीने 10 किलो वजन टांगलं. हिशेबाने 4 किलोग्रॅम-मीटर, म्हणजे साधारण 39 न्यूटन-मीटर. रेंच 39 वर लावलेला, म्हणजे ‘टिक’ व्हायला हवी होती. झाली 17 किलोला. या रेंचने सिलिंडर हेडचे नट आवळले असते तर नट गेले असते, नाहीतर हेड. वजनाची ही युक्ती कुणालाही घरी करता येते, पैसे देण्याआधीच करावी.

इथवर नुकसान पैशांचं. खरं संकट पुढे होतं, आणि तिथे चूक माझी होती. पैसे परत मिळतील की नाही कळेना, म्हणून आलेले जॅक आणि स्टँड मी वापरायचं ठरवलं.

मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममधले व्हील सिलिंडर गळत होते, ब्रेकचं तेल बाहेर येत होतं. पुढच्या चाकांना दगड लावले, मागून गाडी उचलली. काकांनी सांगितलं होतं तसं जॅकच्या दट्ट्यावर खडूची रेघ मारली. वीस मिनिटांत रेघ दोन बोटं आत गेली. आतली सीलं गेलेली, तेल हळूहळू मागे पळत होतं. हरकत नाही, आपल्याला स्टँडवरच ठेवायचीय, असं म्हणून एक्सलच्या दोन्ही बाजूंना स्टँड लावले आणि जॅक सैल सोडला. काढलेली चाकं दारांखालच्या पट्टीच्या खाली आडवी सरकवली. ही सवय अण्णांची. लहानपणी मला ती कटकट वाटायची.

मी उजव्या ड्रमशी बसून ब्रेकच्या शूजची स्प्रिंग काढत होतो, डावा पाय गाडीखाली पसरलेला. कडक असा एक कोरडा आवाज आला आणि गाडी माझ्या बाजूला कलली. पट्टी आडव्या टाकलेल्या चाकावर टेकली आणि थांबली. पाय आणि गाडी यांत वीतभर जागा राहिली होती. बायको आतून धावत आली. मला काही वेळ उठताच आलं नाही.

स्टँडचा एक पाय वेल्डिंगमधून उघडला होता. आत बघितलं तर जोडाला पूर्ण वेल्डिंग नव्हतंच, चार ठिकाणी नुसते टाके मारलेले, आणि एका टाक्यात जुनी गंजलेली भेग. म्हणजे तो स्टँड आधी कधीतरी तुटलेला होता. भेगेवर पुट्टी भरून रंग मारला होता. माल बदलून मला गंडवणं ही एक गोष्ट. पण तुटलेला स्टँड रंगवून देणाऱ्याला माहीत असतं, की त्याखाली कुणीतरी माणूस झोपणार आहे. हे मी विसरू शकत नाही.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो. सायबर फसवणुकीसाठी 1930 हा नंबर आहे, पैसे गेल्याबरोबर फोन केला तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. मी नवव्या दिवशी केला, खात्यात काही उरलं नव्हतं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “माल मिळालाय ना? मग वाद दिवाणी.” मी म्हणालो, दाखवला एक आणि दिला दुसरा, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूकच आहे. त्यांनी लेखी अर्ज घेतला, पोचही दिली. पण काय दाखवलं होतं त्याचा पुरावा मागितला तेव्हा माझ्याकडे एकही फोटो नव्हता. बिल नाही, खातं तिसऱ्याचं. गाळा चार दिवसांच्या भाड्याने घेतलेला निघाला. दोन महिन्यांनी तीच जाहिरात वेगळ्या गावाच्या नावाने परत दिसली, त्यात वाकड्या दांड्याचा, निळ्या दोरीचा तोच व्हाईस. तो फोटो मी पोलिसांना दिलाय. तुम्हाला तो कुठे दिसला तर फोन न करता आधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता जॅक आणि स्टँड मी नवे घेतलेत, दुकानातून, पक्क्या बिलावर. जुने पाने घ्यायला माझी ना नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी गेलात तर घडीव पोलादाचे उत्तम पाने मिळतात, कानस खिशात ठेवा आणि माल हातात आला की पैसे द्या. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीटचा हत्यारांचा बाजार आहेच. पण ज्याच्या आधाराने तुम्ही गाडीखाली जाणार, ते जुनं घेऊ नका, कितीही स्वस्त मिळू दे.

ते चार स्टँड भंगारात तसेच विकले असते तर कुणीतरी पुन्हा रंगवून विकले असते. म्हणून एका रविवारी काकांनी ग्राइंडर आणला आणि आम्ही प्रत्येकाचे तीन तुकडे केले. भंगारवाल्याच्या काट्यावर चारही मिळून साडेतेरा किलो भरले.