डोळ्यांखाली, कानशिलात, कपाळावर: फिलर कुठे घ्यावे आणि कुठे दुसरा उपाय शोधावा

डोळ्यांखालचा काळेपणा चार कारणांनी दिसतो: खोलगट खाचेची सावली, त्वचेतले जास्तीचे रंगद्रव्य, पातळ त्वचेतून डोकावणाऱ्या रक्तवाहिन्या आणि फुगून पुढे आलेल्या चरबीच्या पिशव्यांखाली पडणारा अंधार. पहिल्या कारणावर फिलर, म्हणजे खोलगट जागा भरायला त्वचेखाली टोचायचे जेल, चांगले चालते, तिसऱ्यावर थोडेफार, दुसऱ्यावर अजिबात नाही आणि चौथ्यावर बहुधा उलटते. त्यामुळे कुठली सिरिंज चांगली, हे विचारण्याआधी आपले कारण कोणते ते ओळखायला हवे. ते बऱ्याच अंशी घरीच ओळखता येते.

आरशासमोर डोक्यावरच्या दिव्याखाली उभे राहा आणि मग मोबाइलचा टॉर्च समोरून, चेहऱ्याच्या उंचीवर धरा. काळेपणा जवळजवळ नाहीसा झाला तर ती सावली होती, म्हणजे खाच आहे. रंग तसाच राहिला तर रंगद्रव्य आहे. खालची त्वचा हलकेच ताणल्यावर निळसर-जांभळा रंग आणखी उठून दिसला तर रक्तवाहिन्या. हनुवटी न हलवता फक्त नजर छताकडे न्या. डोळ्यांखाली फुगवटा वाढला तर चरबी पुढे सरकली आहे. शेवटी खालची पापणी चिमटीत धरून थोडी ओढा आणि सोडा. ती लगेच जागेवर बसली नाही तर त्वचा सैल आहे, आणि सैल त्वचेखाली जेल ठेवले की ते गोळ्यासारखे दिसते. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज असणे आणि दुपारपर्यंत ती ओसरणे, हा तर जवळजवळ नकारच समजा. तिथे आधीच पाणी साठते. पाणी ओढणारे जेल त्यात भर घालणार.

डोळ्यांखाली: फिलर की शस्त्रक्रिया?

तरुण किंवा मध्यम वय, जाडसर आणि घट्ट त्वचा, नाकाच्या बाजूने गालाकडे उतरणारी स्पष्ट खाच, फुगवटा नाही: अशा चेहऱ्याला हायल्युरॉनिक ॲसिड या पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थाचे फिलर शोभते. मात्रा अगदी थोडी लागते, एका बाजूला ०.२ ते ०.५ मिली. दोन्ही डोळ्यांना मिळून एका बैठकीत एक मिलीपेक्षा जास्त सुचवले जात असेल तर कारण विचारा. जेल पापणीच्या स्नायूच्या खाली, हाडाला टेकून ठेवतात, आणि मुद्दाम थोडे कमी भरतात, कारण पुढच्या काही दिवसांत ते पाणी धरून फुगते. दोन ते चार आठवड्यांनी पाहून गरज वाटली तर भर घालता येते. पहिल्याच दिवशी आरशात खाच पूर्ण भरलेली दिसणे ही चांगली खूण नाही.

बरेचदा मूळ दोष डोळ्याखाली नसतोच. गालाचा वरचा भाग सपाट झाला की पापणी आणि गालाच्या मधली पायरी उघडी पडते. अनुभवी डॉक्टर अशा वेळी आधी गालाला आधार देतात, आणि मग डोळ्याखाली लागते त्याहून निम्मेच लागते, कधी लागतही नाही.

जेलही जागेप्रमाणे बदलते. डोळ्यांखाली मऊ आणि कमी पाणी ओढणारे हवे, कानशिलात घट्ट. जुव्हेडर्म या एकाच ब्रँडच्या मऊ व्होलबेलात हायल्युरॉनिक ॲसिडचे प्रमाण मिलीला १५ मिलिग्रॅम आहे, घट्ट व्होल्युमात २०. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने व्होलबेलाला डोळ्यांखालच्या खाचेसाठी २०२२ मध्ये मान्यता दिली, रेस्टिलेन आयलाइट या दुसऱ्या ब्रँडच्या जेलला २०२३ मध्ये, आणि व्होल्युमाला कानशिलातल्या खळगीसाठी २०२४ मध्ये. त्याआधीही ही जेले तिथे वापरली जात होतीच, पण मान्यतेबाहेर. गालासाठी उरलेले घट्ट जेल 'वाया जाऊ नये' म्हणून डोळ्यांखाली घालू देऊ नका.

चुकते कुठे? जेल फार वर, त्वचेलगत बसले तर प्रकाश विखुरून निळसर झाक दिसते. रुग्णाला वाटते काळेपणा वाढला आणि तो आणखी फिलर मागतो. प्रमाण जास्त झाले किंवा लसीका वाहिन्यांवर (ऊतींतले जास्तीचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांवर) दाब आला तर गालाच्या उंचवट्यावर चिवट सूज राहते, महिनोन्महिने. काहींना बऱ्याच काळानंतर, एखाद्या विषाणू-संसर्गाच्या निमित्ताने, अचानक सूज येते. शिवाय 'वर्षभर टिकते' हे वाक्यही फसवे आहे. डोळ्यांखाली हालचाल कमी, म्हणून एमआरआयमध्ये हे जेल कित्येक वर्षांनीही सापडते. दरवर्षी ठरल्याप्रमाणे भर घालत राहणे हाच फुगलेल्या, पिठूळ डोळ्यांकडे नेणारा सर्वांत सरळ रस्ता.

दिलासा एवढाच की हे जेल विरघळवता येते. हायल्युरोनिडेज नावाचे विकर (एन्झाइम) टोचले की बहुतेक जेल एक-दोन दिवसांत मोडते. मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या डंखाची तीव्र ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगा, कारण त्या विषातही याच जातीचे विकर असते. कॅल्शियम हायड्रॉक्सिअपटाइट आणि पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड या दुसऱ्या प्रकारच्या फिलरना असा उतारा नाही. पापणीखालच्या पातळ त्वचेत त्यांच्या गाठी होतात आणि पहिले तर पांढरे दिसते. गालात किंवा कानशिलात ती चालू शकतात. डोळ्यांखाली कोणी सुचवली तर दुसरे मत घ्या.

पिशव्या स्पष्ट असतील तर खालच्या पापणीची शस्त्रक्रिया फिलरपेक्षा प्रामाणिक उपाय आहे. पापणीच्या आतून छेद देऊन चरबी काढतात किंवा खाचेत सरकवून बसवतात. बाहेर व्रण दिसत नाही. दहा-पंधरा दिवस काळेनिळे डाग आणि सूज राहते, परिणाम कित्येक वर्षे टिकतो. धोका म्हणजे पापणी खाली ओढली जाणे किंवा जास्त चरबी काढल्याने डोळा खोल दिसणे. स्वतःची चरबी टोचणे हा मधला मार्ग वाटतो, पण किती जगेल याचा नेम नाही, आणि गाठ झाली तर विरघळवणारे औषध नाही. पीआरपीला (स्वतःच्याच रक्तातून वेगळा केलेला प्लेटलेटयुक्त द्रव टोचण्याला) सहसा तीन किंवा अधिक बैठका लागतात. त्वचेचा पोत थोडा सुधारतो, खाच भरत नाही. रंगद्रव्यासाठी सनस्क्रीन, मलम, लेसर हा वेगळाच रस्ता.

कानशील

इथे आमचे मत फिलरच्या बाजूने जास्त झुकते. कानशील खोल गेले की भुवईचे टोक उतरते आणि चेहरा आजारी दिसतो, आणि याला पर्यायही फारसे नाहीत. मात्रा जास्त लागते: एका बाजूला ०.५ ते १ मिली, खूप खोलगट असेल तर त्याहूनही अधिक. म्हणजे सिरिंजा वाढतात, खर्च वाढतो. एका पद्धतीत भुवईच्या टोकाजवळच्या हाडाच्या कडेवर एक सेंटिमीटर वर आणि तिथून एक सेंटिमीटर बाहेर सरकून, सुई थेट हाडापर्यंत नेऊन सावकाश भरतात. दुसरीत कॅन्युलाने, म्हणजे बोथट टोकाच्या बारीक नळीने, वरच्या थरात पसरवतात. नंतर काही दिवस चावताना जबडा दुखतो. जेल चावण्याच्या स्नायूखाली बसलेले असते म्हणून. मात्र इथूनही धमन्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याला जोडलेल्या आहेत, तेव्हा ही जागा निर्धोक नाही.

कपाळ आणि भुवयांमधला भाग

भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठी फिलर नको, बोट्युलिनम टॉक्सिन (बोटॉक्स हे त्याचेच एक व्यापारी नाव) घ्या. तिथल्या धमन्या डोळ्याच्या मुख्य धमनीच्याच फांद्या आहेत. सुई धमनीत शिरली आणि दाब देऊन जेल ढकलले, तर ते उलट दिशेने जाऊन नेत्रपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, रेटिनाच्या) धमनीत अडकू शकते. फिलरमुळे दृष्टी गेल्याच्या ९८ घटनांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत सर्वाधिक, ३८.८ टक्के, याच जागेच्या होत्या.

टॉक्सिनचे काम वेगळे आहे. ते स्नायू सैल करते, म्हणून कपाळाला आठ्या घातल्यावर दिसणाऱ्या रेषांवर चालते. खळगी भरत नाही. बोटॉक्सची भुवयांमधली ठरलेली मात्रा २० युनिट, पाच ठिकाणी चार-चार. परिणाम तीन ते पाच दिवसांत सुरू होतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात, तीन-चार महिने टिकतो. चुकले तर पापणी उतरते, पण ती काही आठवड्यांत सावरते. दोन्ही उपाय करायचे असतील तर आधी टॉक्सिन, दोन आठवडे थांबून भुवई कुठे स्थिरावते ते पाहून मग फिलर. कपाळाचा गोलावा भरणे किंवा वरच्या पापणीची खोबण भरणे ही कामे नेहमी तेच करणाऱ्या मोजक्या हातांची आहेत.

सुई, कॅन्युला आणि तातडीची तयारी

कॅन्युलाचे टोक बोथट असते, म्हणून ती धमनीत सहसा शिरत नाही. ३७० त्वचारोगतज्ज्ञांच्या माहितीवर आधारलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुईने दर ६,४१० सिरिंजांमागे एकदा, कॅन्युलाने दर ४०,८८२ सिरिंजांमागे एकदा रक्तवाहिनी बंद झाल्याचे आढळले. हे आकडे सगळ्या चेहऱ्याचे मिळून आहेत. बारीक कॅन्युला सुईसारखीच वागते. डोळ्यांखाली २५ गेजची बरी (गेजचा आकडा जितका लहान, तितकी कॅन्युला जाड).

टोचतानाच असह्य वेदना, त्वचा एकदम पांढरी पडणे, मग जाळीसारखी जांभळट नक्षी, बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागणे, ही धमनी बंद झाल्याची चिन्हे. अंधुक दिसणे, एकाचे दोन दिसणे, डोळ्यामागे ठणका लागणे, पापणी पडणे यांपैकी काहीही झाले तर क्षणाचाही विलंब न लावता नेत्रविभाग असलेले रुग्णालय गाठा. रक्ताविना नेत्रपटलाचे कायमचे नुकसान तासा-दीड तासात, अनेकदा त्याहून लवकर होते. त्वचेची धमनी अडली असेल तर हायल्युरोनिडेजचे शेकडो युनिट, गरज पडेल तसे दर तासाला द्यावे लागतात. म्हणून ठरवण्याआधी विचारा: हे औषध आत्ता इथे फ्रिजमध्ये आहे का, किती कुप्या आहेत, आणि रात्री फोन कोण उचलेल? उत्तर घुटमळले तर उठा.

आधीच्या आठवड्यात फिश ऑइल, व्हिटॅमिन ई आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळल्या तर डाग कमी पडतात. हृदयासाठी चालू असलेले रक्त पातळ करणारे औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. दातांचे काम दोन आठवडे आधी किंवा नंतर ठेवा. गर्भारपण, स्तनपान, चेहऱ्यावर चालू असलेला संसर्ग यांत थांबा. नंतर दोन रात्री उशी उंच, पहिले एक-दोन दिवस व्यायाम, मद्य आणि वाफ नको. डोळ्यांखाली चोळू नका, पोहण्याचा घट्ट चष्माही काही दिवस बाजूला ठेवा.

सिरिंजच्या वेष्टनावरचा लॉट नंबरचा स्टिकर आणि कुठे किती मिली घातले याची नोंद मागून घ्या. काही वर्षांनी सूज आली, पापणीची शस्त्रक्रिया ठरली किंवा स्कॅनमध्ये काही अनोळखी दिसले, तर पुढच्या डॉक्टरला सर्वांत आधी हेच लागते.