बालीतला ‘शिसवी’ गरुड आणि खोक्यावरचा शिक्का

“सोनोकेलिंग, मॅडम. तुमच्या इंडियाचंच झाड.” दुकानदाराने हे म्हटलं आणि मी तिथेच फसले, कारण त्यात खोटं काही नव्हतं. सोनोकेलिंग म्हणजे खरोखरच आपली शिसव. माझ्या बाबांनी सावंतवाडीत पस्तीस वर्षं सुतारकाम केलं, त्यांच्या हातून शिसवीच्या किती चौकटी आणि देव्हारे गेले असतील. परदेशात त्यांच्या लाडक्या लाकडाचा गरुड मिळतोय म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलंच नाही.

बालीत उबुदच्या दक्षिणेला मास नावाचं गाव आहे, पिढ्यान्‌पिढ्या लाकूड कोरणाऱ्यांचं. आम्हाला जायचं होतं तिथे. पण गाडीवाल्याने वाटेतल्या एका मोठ्या दुकानात नेलं. गाडीवाल्यांना अशा दुकानांकडून कमिशन मिळतं हे मला नंतर कळलं. गरुड दीड फुटाचा, काळाभोर, पंख पसरलेला. हातात घेतल्यावर हलका लागला. तसं म्हटलंही मी. “भट्टीत पूर्ण वाळवलंय, म्हणून हलकं,” असं उत्तर आलं. किंमत १८ लाख रुपिया, म्हणजे साधारण १८० ऑस्ट्रेलियन डॉलर.

आम्ही मेलबर्नला राहतो. ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तू नेताना किती काटेकोर तपासणी होते ते मला ठाऊक होतं, म्हणून कीडनाशक प्रक्रियेचं विचारलं. त्याने आणखी ४ लाख रुपिया घेऊन गरुड एका लाकडी खोक्यात बसवला. खोक्यावर डागल्यासारखा शिक्का होता: गव्हाच्या ओंबीचं चित्र, ‘आयपीपीसी’ (वनस्पती संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) अशी अक्षरं आणि खाली ‘एचटी’, म्हणजे हीट ट्रीटमेंट. सोबत ‘फ्युमिगेटेड’, म्हणजे धुरी देऊन कीड मारलेलं, असं लिहिलेला एक छापील कागद. वर सल्लाही दिला, “ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डावर ‘नाही’ लिहा, कोणी बघत नाही.”

तो सल्ला मी ऐकला नाही. तुम्हीही कधीच ऐकू नका. लपवलेली वस्तू सापडली तर जागेवर दंड होतो, आणि आईवडील किंवा सासूसासरे पाहुण्यांच्या व्हिसावर येत असतील तर त्यांचा व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. वस्तू दाखवून ती नाकारली गेली तर जास्तीत जास्त ती वस्तू जाते.

विमानतळावर मी ‘हो’ लिहिलं आणि खोकं पुढे केलं. तपासणाऱ्या बाईंनी गरुड बाहेर काढला, पंखाच्या सांध्यावर बॅटरी मारली, मग टेबलावर पांढरा कागद अंथरून त्यावर गरुड हलकेच आपटला. पिठासारखा भुगा पडला. सांध्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. आत लाकूड पोखरणारी कीड.

मी मोठ्या विश्वासाने शिक्का दाखवला. त्यांनी शांतपणे समजावलं की तो शिक्का खोक्याचा आहे. मालाच्या पेट्या आणि फळ्या ज्या लाकडाच्या बनतात, ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवल्याची ती खूण. आत ठेवलेल्या वस्तूचा तिच्याशी काही संबंध नाही. आणि कागदावर कोणत्या वस्तूवर, कोणत्या तारखेला, कोणत्या पद्धतीने प्रक्रिया केली, यातलं काहीच नव्हतं. सही आणि शिक्का खुद्द दुकानाचाच. खोकं चाललं असतं, गरुड नाही.

तीन वाटा होत्या: स्वखर्चाने प्रक्रिया, परत पाठवणी, किंवा नष्ट करणं. बाबांसाठी घेतलेली वस्तू, मन होईना. गॅमा किरणांच्या प्रक्रियेचे पैसे भरले. गरुड घरी यायला तीन आठवडे लागले, आणि हा खर्च गरुडाच्या किमतीच्या जवळपास गेला.

मग व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवला. त्यांनी आधी वजन विचारलं. मी काट्यावर ठेवून सांगितलं, तसे ते गप्प झाले. “बुडाखालून पटाशीने एक ढलपी काढ.” पटाशी नव्हती, सुरीने काढली. शिसवीचा गाभा जांभळट तपकिरी, काळ्या रेघांचा असतो. माझ्या ढलपीला आतून सायीचा रंग होता. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून पंखावर फिरवला, कापूस काळा झाला.

बालीत असं पांढरं, हलकं लाकूड कोरायला सर्रास वापरतात. त्यातलं एक ‘पांगल बुआया’, म्हणजे मगरीच्या पाठीसारख्या काटेरी खोडाचं झाड. ते म्हणजे आपलं कोकणातलं तिरफळ! माझा गरुड त्याचाच आहे असं मी म्हणत नाही. पण हलकं लाकूड म्हणून दाखवलं असतं, किंमतही तशी लावली असती, तर मी आनंदाने घेतलं असतं. रंग चढवून दुसऱ्या लाकडाच्या नावाने विकलं, याचा राग येतो.

पावती पुन्हा वाचली. तिच्यावर लाकडाचं नावच नाही, नुसतं ‘वुड कार्व्हिंग’. दुकानाला भुग्याचे, ढलपीचे फोटो पाठवले. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. घेताना पावतीवर लाकडाचं नाव लिहून मागितलं असतं, तर त्याचा हात तिथेच अडखळला असता असं मला वाटतं. आणि बुडाला चिकटवलेलं मखमलीचं कापड उचलून पाहायला हवं होतं. रंग बहुतेक वेळा तिथपर्यंत पोचलेला नसतो, कीडही तिथेच दिसते.

गरुड सावंतवाडीला पाठवू का, असं विचारलं. बाबा म्हणाले, “नको. इकडे आणायचा तर परत कागद आलेच. कोरणाऱ्याचा हात मात्र चांगला आहे गो, पिसं बघ कशी काढलीत. त्याला त्यातले किती दिले असतील?”