अमेरिकी अध्यक्ष आणि काँग्रेस : व्हेटो चोख, मतांची जुळवाजुळव गायब

अप्पा बळवंत चौकात यूपीएससीवाल्यांसाठी स्पायरल बाइंडिंगच्या ज्या नोट्स मिळतात, त्यातला अमेरिकी अध्यक्ष आणि काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) यांच्यावरचा हा ६४ पानी संच. किंमत १२० रुपये. सामान्य अध्ययन पेपर २ मध्ये आपल्या राज्यघटनेची इतर देशांशी तुलना असते, तेवढ्यासाठीच तो घेतला जातो. छापणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही.

व्हेटोचं, म्हणजे अध्यक्षांच्या नकाराधिकाराचं, प्रकरण मात्र चोख. विधेयक अध्यक्षांकडे गेल्यापासून रविवार सोडून १० दिवस. सही नाही, परतही पाठवलं नाही आणि काँग्रेस बसलेली असेल तर आपोआप कायदा. परत पाठवलेलं विधेयक दोन्ही सभागृहांनी (प्रतिनिधीगृह आणि सिनेट) दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं की अध्यक्षांचा इलाज चालत नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे ६३५ व्हेटो, त्यातले जेमतेम ९ उलटवले गेले, हा आकडाही बरोबर. म्हणूनच ‘हे कलम ठेवलंत तर सही नाही’ एवढा निरोप गेला तरी कलम समितीतच गळू शकतं.

घोळ होतो पान ३१ वर, पॉकेट व्हेटोत, म्हणजे सही न करता विधेयक दाबून ठेवण्यात. ‘पॉकेट व्हेटोला कालमर्यादा नाही’ असं ठोकून दिलंय. ते आपल्याकडे! अनुच्छेद १११ मध्ये मुदत नाही, म्हणून राष्ट्रपती झैलसिंग यांना १९८६ चं टपाल विधेयक दाबून ठेवता आलं. अमेरिकेत ते १० दिवस संपायच्या आत काँग्रेस उठली आणि सही झाली नाही, तरच विधेयक मरतं. चुकीचं मूळ साधं आहे: संचात दोन्हीकडे ‘राष्ट्रपती’ हाच शब्द. तिकडच्यांना ‘अध्यक्ष’ म्हटलं असतं तर निम्मे गोंधळ टळले असते.

व्हिपचंही तेच. पक्षादेश मोडला की सदस्यत्व जातं, हा १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेला आपला कायदा. तिकडे असं काही नाही, त्यामुळे अध्यक्षांना स्वतःच्या पक्षाचीही मतं एकेक करून मागावी लागतात. जुलै २०१७ मध्ये सिनेटमध्ये रिपब्लिकन बहुमत असूनही आरोग्य विधेयक ४९ विरुद्ध ५१ ने पडलं. विरोधात गेलेल्या तीन रिपब्लिकनांत जॉन मॅकेन होते. खरा विषय हा, आणि संचात त्याला एक परिच्छेद!

अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळातला, वंशभेदाविरुद्धचा १९६४ चा नागरी हक्क कायदा तर ‘जॉन्सन यांनी दबाव टाकून मंजूर करून घेतला’ एवढ्यावर उरकलाय. दबाव कुठे टाकला, ते हवं. प्रतिनिधीगृहात विधेयक अडलं होतं नियम समितीत (विधेयक चर्चेला कधी घ्यायचं ते ही समिती ठरवते), तिचे अध्यक्ष हॉवर्ड स्मिथ यांच्याकडे. समितीला वळसा घालायच्या अर्जावर २१८ सह्या लागतात. सह्या वाढू लागल्या तसे स्मिथ नमले. सिनेटमध्ये चर्चा लांबवून विधेयक मारायचा डाव होता आणि तो मोडायला सर्व सदस्य हजर असतील तर ६७ मतं लागत. दक्षिणेतले डेमोक्रॅट जॉन्सन यांच्याच पक्षाचे, पण विरोधात. म्हणजे रिपब्लिकन हवेतच. त्यांचे नेते एव्हरेट डर्कसन यांना दुरुस्त्या करू दिल्या, श्रेयही घेऊ दिलं. १० जूनला ७१ विरुद्ध २९, त्यात २७ मतं रिपब्लिकन. (६७ ऐवजी ६० झाले १९७५ मध्ये, संचात सगळीकडे ६०च.)

उलटं उदाहरण अध्यक्ष जिमी कार्टर यांचं. १९७७ मध्ये त्यांनी धरणं-कालव्यांच्या १९ प्रकल्पांचा निधी काँग्रेसच्या नेत्यांना आधी विश्वासात न घेता काढायचा प्रस्ताव दिला. मतदारसंघातलं धरण जाणार म्हटल्यावर कुठला लोकप्रतिनिधी गप्प बसेल? स्वपक्षीयही दुखावले. संचाने हे ‘पर्यावरण’ या मथळ्याखाली टाकलंय.

वेळ कमी असेल तर व्हेटोपुरता घ्या, आणि तो जुन्या पुस्तकांच्या दुकानात अर्ध्या किमतीत. शेवटच्या पानावरचा तक्ता भिंतीला लावण्याजोगा आहे, फक्त त्यात लाइन आयटम व्हेटो (विधेयकातल्या एखाद्याच खर्चाच्या बाबीला नकार) अजून चालू दाखवलाय. सर्वोच्च न्यायालयाने तो १९९८ मध्येच रद्द केला. ती ओळ पेनने खोडा.